बेळगावजवळ राजे-महाराजांच्याही आधीच्या काळातला डोंगरी कोट कुठं चढून बघता येईल?

वडगावची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही वडगाव, बेळगावचे. मुलगी आठवीत आहे आणि इतिहासाचं तिला लई वेड. मागच्या महिन्यात राजहंसगडावर गेलेलो, वर तटावर बसून चिरमुरे खाताना तिनं विचारलं, "आई, हा गड राजानं बांधला, पण राजेच नव्हते तेव्हा लोक डोंगरावर चढत नव्हते काय?" मला काय उत्तर देता आलं नाही. तिनं इंग्लंडमधल्या दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या डोंगरी कोटांचे फोटो बघितलेत, दगडी बुरूज नाही काही नाही, आख्ख्या टेकडीभोवती मातीचे मोठे बांध आणि खंदक, आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय की आपल्याकडं पण असं असणारच, मला चढून बघायचंय.

तर विचारायचं असं की बेळगावच्या आसपास, म्हणजे गाडीनं सकाळी निघून रात्रीपर्यंत घरी येता येईल एवढ्यात, असं अश्मयुगातलं किंवा लोहयुगातलं काय डोंगरावर बघण्यासारखं आहे का? सासरे पण येणार म्हणतात, वय ६८, हुक्केरीकडचे, शेतात आयुष्य गेलं त्यामुळं चालायला काही नाही पण उतरताना गुडघा दुखतो. आणि दुसरं म्हणजे तिथं गेल्यावर नेमकं बघायचं काय? दगड तर सगळीकडं असतात, त्यातला माणसानं लावलेला कुठला आणि आपोआप पडलेला कुठला हे कसं ओळखायचं, कुणीतरी नीट सांगा.

---

निपाणीचा_मास्तर

ताई, तुमच्या लेकीनं प्रश्न इतका चांगला विचारलाय की मी जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो म्हणजे पोरीची निराशा होणार नाही. तिनं फोटोत बघितलेत तसले खंदक-बांधांचे कोट आपल्या भागात शोधत फिरू नका. आपल्याकडं त्या काळातल्या माणसांनी डोंगरावर जे ठेवलंय ते वेगळं आहे. नवाश्मयुगात, म्हणजे साधारण चार-पाच हजार वर्षांपूर्वी, बळ्ळारी-रायचूरकडचे गुरं पाळणारे लोक ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर आणि टेकड्यांच्या कुशीत राहायचे. बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूला तर डोंगरावर दगडी कुऱ्हाडी बनवायचा कारखानाच होता. यादगीरकडं बूदिहाळ आहे, तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या सरांनी उत्खनन केलं, शेण जाळून जाळून झालेले राखेचे प्रचंड ढीग सापडले. कन्नडमध्ये बूदि म्हणजे राख, हे तुम्हा बेळगावकरांना सांगायला नको. त्यानंतर लोखंड आलं आणि त्या लोकांनी मेलेल्यांसाठी मोठमोठ्या शिळांची घरं बांधली, तीसुद्धा बऱ्याचदा डोंगरमाथ्यावर.

आता तुमच्या कामाचं. ऐहोळेला जावा. सगळे लोक दुर्ग देऊळ बघून फोटो काढून परत येतात, पण गावाला लागूनच जी मेगुती टेकडी आहे ती चढा. पायऱ्या आहेत, आरामात गेलात तर वीसेक मिनिटं पुरे, सासऱ्यांना जमेल. वाटेत अर्ध्यावर दुमजली बौद्ध देऊळ लागतं, तिथं सावलीला बसा. वर माथ्याभोवती किल्ल्याची भिंत आहे, मोठे मोठे घडीव दगड नुसते एकमेकांवर बसवलेले. ही भिंत चालुक्य काळाकडची आणि नंतरची, ती अश्मयुगातली समजू नका. आत मेगुतीचं जैन देऊळ, त्यावर रविकीर्तीचा शिलालेख, शके ५५६ म्हणजे इसवी सन ६३४, दुसऱ्या पुलकेशीच्या काळातला. त्यात कालिदास आणि भारवीचं नाव येतं, मुलीला दाखवा.

आणि मग, खरं ज्याच्यासाठी चढलात ते. देवळाच्या मागच्या बाजूला चालत जावा. तिथं उघड्या खडकावर दगडी खोल्या दिसतील, तीन बाजूंना उभ्या फरश्या, वर एक आडवी जाड शिळा, आणि काहींच्या पुढच्या फरशीला गोल भोक. चाळीसच्या वर आहेत. गावातले लोक मोरेर मने म्हणतात, मोरेरांची, म्हणजे दंतकथेतल्या जुन्या लोकांची घरं. देऊळ बांधायला माणसं ही टेकडी चढली तेव्हा ही घरं कितीतरी शतकं आधीपासून तिथं उभी होती. एकाच टेकडीवर लोहयुगातली थडगी, त्यांच्याभोवती राजाची तटबंदी आणि मधोमध कवीचा शिलालेख... तुमच्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर तिथं नुसतं उभं राहिलं की मिळतं.

दगड ओळखायचं म्हणाल तर, माझी साधी रीत आहे. नैसर्गिक दगड एकाच उतारावर ओघळल्यासारखे पडलेले असतात. माणसानं लावलेला दगड उताराशी भांडतो, उभा असतो, दुसऱ्याला टेकलेला असतो, खाली छोट्या दगडांची पाचर मारलेली असते. पाचर शोधा.

---

रविवारचा_ट्रेक

मास्तरांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त जाण्यायेण्याचं सांगतो. बेळगाव–यरगट्टी–लोकापूर–बागलकोट असं जावा, ऐहोळेपर्यंत एका बाजूला पावणेदोनशे किमीच्या आसपास धरा, पहाटे पाचला निघालात तरच सगळं होतंय. डिसेंबर-जानेवारीत जावा. मार्चनंतर तिथला खडक इतका तापतो की चपलेतून चटके बसतात, आणि वर झाड म्हणून नाही. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा टॉवेल. सासऱ्यांच्या हातात काठी द्या, उतरताना पायऱ्या झिजलेल्या आहेत. त्या दगडी खोल्यांच्या भोकात हात घालायचा नाही, आधी टॉर्च मारून बघायचं, साप असतो. येताना अमीनगडवरून आलात तर करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) घ्या, गोकाकच्या लोकांनी माफ करा पण मला अमीनगडचाच आवडतो.

---

खानापूर_ते_डॉर्सेट

मी मूळचा खानापूरचा, कामानिमित्त चार वर्षं इंग्लंडात आहे आणि तुमच्या मुलीनं ज्याचे फोटो बघितले असतील त्याच्या अगदी जवळ राहतो, म्हणून लिहावंसं वाटलं. डॉर्चेस्टर गावाच्या बाहेर मेडन कासल म्हणून आहे. नावात कासल असलं तरी किल्ला म्हणून डोळ्यांना जे अपेक्षित असतंय ते काही नाही. गाडी लावून चढायला लागलं की गवताळ टेकडी, मेंढ्या चरतात, आणि मग एकदम समोर बांध. तो चढला की खाली खोल खंदक, परत बांध, परत खंदक. खंदकात उतरून वर बघितलं की फक्त आभाळ दिसतं. पावसात गेलो तर खालची माती, खडूचा दगड आहे तो, बुटाला पांढरा चिकटतो, आपल्या लाल मातीसारखा नाही.

इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराला पहिला छोटा कोट झाला आणि ४५० च्या आसपास तो वाढवत वाढवत ४७ एकरांवर नेला. विचार करा, टोपलीनं माती वाहून. मला सगळ्यात आवडतो तो पश्चिमेचा दरवाजा. सरळ आत जाताच येत नाही, बांधांच्या मधून डावीकडं उजवीकडं वळत वळत जावं लागतं आणि सगळा वेळ वरून कुणीतरी तुमच्यावर नजर ठेवू शकतंय. मी पहिल्यांदा त्या वाटेनं गेलो आणि मनात आलं, अरे हा तर गोमुखी दरवाजा! रायगडाच्या महादरवाजाची जी युक्ती, तीच. कुणी कुणाकडून शिकलं नाही, पण डोंगरावर बसून खालच्या माणसाला अडवायचं म्हटल्यावर डोकं तसंच चालतंय.

आणि हे मास्तरांसाठी. या मेडन कासलचं उत्खनन १९३४ ते ३७ मध्ये मॉर्टिमर व्हीलरनं केलं. हाच व्हीलर १९४४ ला भारताच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख म्हणून आला आणि १९४७ साली त्यानं आपल्या कर्नाटकात, चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरीला खणलं. तिथं खाली नवाश्मयुगातली वस्ती, वर लोखंडवाले शिळाघरांचे लोक, असा थरावर थर लावून दाखवला. त्याची तारीख पुढं चुकली, त्यानं शिळाघरांचा काळ फारच अलीकडचा धरला होता आणि नंतरच्या शोधांनी तो कितीतरी शतकं मागं गेला, पण थरांचा क्रम त्यानंच पहिल्यांदा नीट उलगडला. म्हणजे मुलीला सांगा की इंग्लंडचा तो कोट आणि कर्नाटकातला तो डोंगर एकाच माणसानं एकाच पद्धतीनं उकरलाय.

अजून एक. मेडन कासलमध्ये गोफणीच्या दगडांचा साठा सापडला, एका जागी वीस हजारांहून जास्त, समुद्रकाठावरून आणलेले गुळगुळीत गोटे, सगळे साधारण एकाच मापाचे. म्युझियममध्ये काचेआड ठेवलेले बघितले तेव्हा घशात आवंढा आला, कारण आमच्या आज्जाची गोफण अजून खानापूरला माळ्यावर टांगलेली आहे.

---

वडगावची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. खानापूर दादा, तुमचं गोफणीचं वाचून दाखवलं तर सासरे उठून बसले. म्हणाले, शाळूच्या राखणीला आम्ही माळ्यावर उभं राहून गोफण मारायचो, आणि दगड कसला पण घेऊन चालत नाही, ओढ्यातला गोल पाहिजे, लिंबाएवढा, नाहीतर हातातून सुटताना वाकडा जातोय. एकसारखे निवडून खिशात भरून ठेवायचे. मुलीनं लगेच वहीत लिहून घेतलं. तिचं म्हणणं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी पण आजोबांसारखेच निवडून ठेवले असणार.

एक विचारायचं, ऐहोळेला जायच्या आधी घराजवळ असं काय आहे काय, एक छोटी चक्कर म्हणून?

---

घटप्रभाकाठ

अक्का, आहे की. आणि तुमच्या एवढ्या जवळ आहे की कुणी सांगत नाही याचंच मला वाईट वाटतं. गोकाक धबधबा बघायला जाता ना सगळे? त्या धबधब्यापासून थोड्याच अंतरावर कोन्नूर. कोन्नूरच्या दक्षिणेला ज्या वालुकाश्माच्या टेकड्या आहेत त्यांच्या कडेला अशीच शिळाघरं आहेत, लोक पांडवांची घरं म्हणतात. १८८४ च्या इंग्रजांच्या बेळगाव गॅझेटियरमध्ये पण त्यांची नोंद आहे. उत्तर कर्नाटकातल्या अशा शिळाकक्षांचा अ. सुंदरा सरांनी पुढं नीट अभ्यास केला.

मी लहानपणापासून तिकडं गुरं घेऊन जायचो, आम्हाला तेव्हा काय माहीत नव्हतं. पाऊस आला की शिळेखाली शिरायचं. आत बसलं की पाठीला फरशी गार लागायची, बाहेर धो धो पाऊस आणि आत कोरडं, एकदा तर माझ्याबरोबर एक शेळी आणि तिची दोन करडं पण आत. आता कळतंय की ते कुणाचं तरी थडगं होतं, तर तिथून जाताना मी चप्पल काढतो.

मास्तर, एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही ती मी लिहितो. ही घरं गोकाककडं, ऐहोळेकडं का आणि खानापूर-चंदगडकडं अशी का दिसत नाहीत? माझ्या मते दगडामुळं. बेळगावपासून पश्चिमेला बहुतेक काळा पाषाण, लाव्ह्याचा, तो फुटला तर गोट्यासारखा फुटतो. गोकाककडं वालुकाश्म लागतो, तो थराथरानं बसलेला असतो. आमच्याकडं अजून घराला फरशी काढतात तेव्हा पाथरवट फटीत पाचर मारतो, ठोकत ठोकत जातो, आणि मग "फट्ट" असा एक बारीक आवाज येतो आणि सहा-सात फूट लांब पातळ शिळा पापुद्र्यासारखी सुटून येते. मोठी मेहनत उचलण्याची, फोडण्याची नाही. त्या लोकांना डोंगरानंच भिंती आणि छप्पर तयार करून दिलं होतं.

अजून जुनं बघायचं असेल तर नदीत बघा. रॉबर्ट ब्रूस फूट म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ होता, १८६३ ला मद्रासजवळ पल्लावरमला त्याला पहिली दगडी हातकुऱ्हाड सापडली, नंतर त्यानं आपल्या या भागाचं, तेव्हा इंग्रज दक्षिण मराठा देश म्हणायचे, सर्वेक्षण केलं. मलप्रभा-घटप्रभेच्या खोऱ्यात त्याला अश्मयुगातली हत्यारं मिळाली. म्हणजे ज्या घटप्रभेचं पाणी पितो तिच्या काठावर लाखो वर्षांपूर्वीपासून माणूस दगड घडवतोय.

येणार असाल तर सांगा, मी दाखवीन. रस्ता सांगून कळणार नाही, झुडपं फार आहेत.

---

कॅमेरा_आणि_भाकरी

मी ऐहोळे, कोन्नूर दोन्ही बघितलंय, पण ज्यांना पूर्ण दोन दिवस काढता येतील त्यांनी हिरेबेणकल चुकवू नका. कोप्पळ जिल्ह्यात, गंगावतीजवळ. डोंगरावर जवळजवळ चारशे शिळास्मारकं आहेत, काही माणसापेक्षा उंच. इसवी सनापूर्वी ८०० ते २०० या काळातली धरतात आणि २०२१ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नाव गेलंय. तिकडं डोंगराला मोर्यर गुड्डा म्हणतात, ऐहोळेच्या मोरेर मनेशी नाव कसं जुळतंय बघा. वर एका खडकावर नगाऱ्यासारखा दगड ठेवलाय, वाजवला की घुमतो आणि लांबपर्यंत ऐकू जातो. चढ ऐहोळेपेक्षा बराच जास्त आहे, वाट सरळ दिसत नाही आणि अस्वलांचा वावर आहे, त्यामुळं गावातला माणूस सोबत घेतल्याशिवाय अजिबात जाऊ नका. सासऱ्यांना तिथं नेऊ नका.

एक मनातलं बोलतो. या जागांवर जातो तेव्हा दर वेळी दोन-तीन खोल्यांच्या खाली ताजा खड्डा दिसतो. कुणीतरी सोनं आहे म्हणून रात्री येऊन खणतंय. या थडग्यांत सोनं नाही ओ, मातीची भांडी, हाडं, लोखंडाचे तुकडे, फार तर मणी. एक शिळा सरकवली की अडीच हजार वर्षं उभी राहिलेली गोष्ट एका रात्रीत संपते, ती परत कुणाला लावता येत नाही. मागच्या वेळी एका पडलेल्या शिळेजवळ फुटलेल्या भांड्याचे तुकडे उघडे पडलेले, आतून काळे आणि बाहेरून तांबडे, हातात घ्यायचा मोह झाला, पण घेतले नाहीत. फोटो काढला आणि बाजूला शेजारची शिळा येईल असा काढला, म्हणजे कुठं होतं ते कळतं. ताई, मुलीला पण हे शिकवा, खिशात घातलेला तुकडा घरी आल्यावर नुसता खापरीचा तुकडा होतो, जागेवर होता तेव्हा तो पुरावा होता.

---

निपाणीचा_मास्तर

कॅमेरावाल्यांशी शंभर टक्के सहमत. आणि घटप्रभाकाठ, तुमचं दगडाचं म्हणणं मला पटलं, मी तीस वर्षं मुलांना शिकवलं पण पाथरवटाच्या बाजूनं कधी विचार केला नव्हता.

ताई, अजून एक. मेगुतीवर दुपारी बारा वाजता पोचू नका. ऊन डोक्यावर असलं की सगळं सपाट दिसतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जावा, तिरप्या उन्हात जमिनीतून इंचभर वर आलेल्या दगडाची पण सावली पडते आणि पडक्या खोल्यांच्या ओळी आपोआप दिसायला लागतात.

---

वडगावची_आई

जाऊन आलो! तीन आठवडे झाले या धाग्याला, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहाटे साडेचारला निघालो, शेंगाचटणी आणि भाकरी बांधून. साडेआठला मेगुतीच्या पायथ्याशी. सासरे आमच्या आधी वर, काठी हातात नुसती मिरवायला. देवळाचा शिलालेख बघून मागं गेलो आणि पहिली पाच मिनिटं काहीच कळलं नाही, नुसते दगड. मग मुलगी ओरडली, "आई, पाचर!" खरंच एका उभ्या फरशीच्या बुडाला तळहाताएवढे तीन दगड ठोकून बसवलेले, अजून घट्ट. तिनं हलवून बघितलं नाही, मला तेच कौतुक वाटलं.

एक दिसली आणि मग सगळ्या दिसायला लागल्या. मास्तर, तुम्ही म्हणाला तसंच, तिरपं ऊन होतं. तिनं टॉर्च मारून भोकातून आत बघितलं, मग वितीनं मोजायला बसली. पुढच्या फरशीचं भोक तिच्या दोन वितींपेक्षा थोडं कमी, वरची शिळा लांबीला अकरा वीत. मध्येच मला विचारते, "भोक ठेवलं कशाला? मेलेल्याला बाहेर यायला की आपल्याला आत बघायला?" सासऱ्यांनी त्याच्यावर सांगितलं, "आपण पितरांना पान वाढतोय तसं आतल्याला काय तरी द्यायला." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून फरशीच्या पुढ्यात ठेवला, मी काय बोलले नाही. आम्ही खाली उतरायला लागलो तेव्हा मागं वळून बघितलं, एक साळुंकी तो तुकडा घेऊन त्याच शिळेवर बसलेली.

उतरताना गुडघा दुखला, बागलकोटला चहा घेऊन तेल चोळलं. करदंट अमीनगडचा घेतला.

घटप्रभाकाठ दादा, आता पुढच्या रविवारी कोन्नूर. आम्ही तिघंच, सकाळी सातला धबधब्याच्या पुलाजवळ येतो, चालेल काय? सासरे म्हणतात पाथरवट फरशी कशी काढतोय ते पण बघायचंय, जमत असलं तर त्यांना पण सांगून ठेवा.

---

घटप्रभाकाठ

चालतंय की अक्का. साडेसहाला या, सातनंतर पुलावर गर्दी होते. आमच्या शेजारचे काका फरशीच्याच कामात आहेत, त्यांना सांगितलंय, पहार आणि पाचरी घेऊन येतो म्हणालेत. नाश्ता आमच्या घरी, बांधून आणू नका.